एका उतारावर एकच गाडी

उताराच्या मधोमध ड्वेनदादाची स्नोमोबाइल ताज्या भुसभुशीत बर्फात रुतली. “ये की ओढायला! बूड चिकटलंय का सीटला?” तो वरून ओरडला. मी पायथ्याशी होतो; निघणार, तोच लॉर्नावहिनीनं माझ्या गाडीची किल्ली काढून मुठीत दाबली. “एका उतारावर एकच गाडी.” “अगं, नवरा आहे तुझा!” “म्हणूनच. तुझ्या वजनानं बर्फ सुटून अख्खा डोंगर त्याच्या अंगावर येईल.” दादा शिव्या घालत एकटाच खणत राहिला. बर्फाच्या पोटातून थर खचल्याचा धप्पकन आवाज आला, तिघंही थिजलो. काहीच हललं नाही. अखेर गाडी सुटली आणि तो सुसाट खाली आला. “कुठे कोसळला गं डोंगर? मी तिथे मरतोय, तू बसलीयस मजा बघत!” बर्फाखाली गाडलेल्या माणसाला उकरायचं सुट्या दांड्याचं फावडं वहिनीनं केव्हाच जोडून मांडीवर ठेवलं होतं. आता ते सुटं करायला तिची बोटं वळत नव्हती.