दुसरा दिवस

चैतालीची बॅग आठवडाभर उघडीच पडली होती. तिच्या वर्गाचा अभ्यासदौरा तुर्कस्तान आणि रोमला निघणार होता, अगदी सुरुवातीचे ख्रिस्ती जिथे राहिले ती ठिकाणं बघायला. जाण्याआधी प्रत्येकानं एका प्रश्नावर बोलायचं होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात मिळेना. पुण्याहून कान्ह्याला, गावी आजोबांकडं येऊन ती रोज तेच शोधत बसायची. आज तिनं दमून लॅपटॉप मिटला.

"काय घावंना व्हय गं?" खाटेवर पडलेल्या आबांनी विचारलं.

"त्या लोकांनी धर्म बदलला ना आबा, त्याच्या दुसऱ्या दिवशी घरात काय झालं असेल? कुणी लिहूनच ठेवलं नाही."

आबा खाटेवर उठून बसले. छप्पन साली घर बौद्ध झालं, तेव्हा ते आठ वर्षांचे होते.

"आदल्या दिशी आमी देव इंद्रायणीत सोडलं," ते म्हणाले. "सकाळी आयनं चूल पेटवली आन् रिकाम्या देव्हाऱ्याला हात जोडलं. मग ध्यानात आलं, तसं तेच हात लुगड्याला पुसून भाकऱ्या थापाया बसली."

"मग?"

"मग काय. लय दिस पुसत व्हती."