हद्दीबाहेरचे तीन तास

मुंबईपर्यंत सगळं सुरळीत गेलं. वाघजाईच्या देवळात नारळ हातात धरून भागोजी गुरव सहदेवच्या प्रवासाचं गाऱ्हाणं घालत होता आणि दर देवाच्या नावामागून भावकी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होती. वाघजाईनं सहदेवला शिवेपर्यंत सांभाळायचं, पुढे सावर्ड्याच्या देवानं ताब्यात घ्यायचं, परशुरामानं घाट चढवून द्यायचा. असा हातोहात सहदेव मुंबादेवीपाशी पोचला आणि तिथं गाऱ्हाणं अडलं.

“फुडं कुणाची हद्द?” भागोजीनं विचारलं.

सहदेवनं घड्याळ पाहिलं. मुंबईची एस्टी फाट्यावर यायच्या बेतात होती. ती चुकली तर उद्याचं विमान चुकणार, आणि विमान चुकलं की दुबईची नोकरी दुसऱ्याची.

“हद्द कसली, काका? मुंबई ते दुबई बाराशे मैल. इमान तीन तासांत पोचवतं.”

“मैल नि तास देवाला कशाला? खाली गावं कुठली, ती सांग.”

“गाव नाय. नुसता दर्या.”

भावकीत कुजबूज झाली. नाटे बंदरात मचव्यावर खलाशी असलेला जानू या बाबतीत जाणकार. तो म्हणाला, “मचवा दिसतो तवर काठावरचा देव बघतो. त्याच्या फुडं आमचं आमीच. नि ह्यो तर वरनं जाणार.”

भागोजीनं नारळ खाली ठेवला. बेवारस मुलूख गाऱ्हाण्यात घालायची वहिवाट नव्हती.

“काका, घाला कायपण! गाडी जाईल.”

“कायपण नको,” खांबाला टेकलेली सहदेवची आई सगुणा म्हणाली. “कवा उडतंय रं ते?”

“उद्या रात्री धाला.”

“मंग धा ते एक मी जागी ऱ्हाते. ते तीन तास माज्याकडं लाव, भागोजी.”

भागोजीनं विचार केला. हरकत घेण्यासारखं काही सापडेना. बाराशे मैल दर्या सगुणेच्या नावावर चढला. व्हय म्हाराजा.

“आन् उतरल्यावर?”

“तिथं कंपनीचा माणूस येतो. पासपोर्ट काढून घेतो नि गाडीत घालून नेतो.”

“म्हंजे ताबा घेणारा हाय!” भागोजी मोकळा झाला. इतकी चोख व्यवस्था अख्ख्या वाटेवर एकाही देवाची नव्हती. “तर बा म्हाराजा, ह्या लेकराला सुकरूप नेऊन त्या कंपनीच्या मान्साच्या ताब्यात दे...”

“व्हय म्हाराजा!”

नारळ पायरीवर फुटला. त्याच वेळी फाट्यावर हॉर्न वाजला. भावकीनं ट्रंक उचलली, वळकटी उचलली, सगळे पळत सुटले. सहदेव मात्र जागचा हलेना.

“चल की!” जानू ओरडला. “मगासधरनं तूच जीव खातोयस.”

“काका,” सहदेव भागोजीला म्हणाला, “परत आणायचं ऱ्हायलं.”

भागोजीनं पायरीकडं पाहिलं. नारळाचं पाणी जांभ्यात जिरून गेलं होतं.

सगुणा केव्हाच पदर खोचून दुसरा नारळ आणायला घराकडं धावत सुटली होती, आणि फाट्यावर हॉर्न वाजतच होता.