स्टेशनला खेटून घर

"स्टेशनला खेटून राहतो आपण, मग गाड्या ठेवायला पाच मजले कशाला?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विचारलंच. सेक्रेटरीकाका लाडात म्हणाले, "अगं बाळा, स्टेशनला जायला गाडी नको का?"

मुद्दा बरोबर आहे. परके लोक आत शिरतात म्हणून स्टेशनकडचं फाटक आम्हीच बंद करून घेतलंय, त्यामुळे पुलावरून मोठा वळसा पडतो. मला एकटीला ट्रेनने शाळेत जाता यावं म्हणून बाबांनी इथे घर घेतलं आणि आता तेच मला रोज गाडीने स्टेशनवर सोडतात.

घरी येऊन मी आईबाबांना सांगून टाकलं, "उद्यापासून मी रुळांपलीकडे आत्याकडे राहणार. तिथून आपलं स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे."