हात चालवा

"हे गायचं. चाल तुझी, शब्द आमचे," म्हणत सुपरवायझरनं सात नंबर टेबलवरच्या शिलाईवालीला कागद दिला. कागदभर भोंग्याची स्तुती होती.

भिंतीवरचा तो भोंगा. कुणाचं मशीन थोडा वेळ थांबलं, की टेबलाचा नंबर घेऊन "हात चालवा!" असं ओरडायचा. तो बसवल्यापासून दुप्पट शर्ट निघत होते. आज मालक ते बघायला येणार होते.

तिनं कागद घडी करून खणात टाकला. "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"अगं बाई, दोन मिनिटांचं तर काम! गा आणि मोकळी हो," शेजारच्या टेबलवरून तिची जाऊ कुजबुजली. "नोकरी गेली तर घरी काय सांगशील?"

"खरं काय ते सांगेन."

भीती वाटत होतीच. पण सकाळी टेबल तीनवरची गरोदर मुलगी मळमळतंय म्हणून उठली, तर भोंग्यानं तिच्या नावानं चारदा शंख केला होता. ते काही केल्या मनातून जाईना.

मालक आले, खुर्चीत बसले. काम थांबवायचं नाही असा हुकूम होता, म्हणून बायका शिवता शिवताच ऐकत होत्या. ती चौथऱ्यावरच्या माइकपाशी गेली आणि डोळे मिटून गायला लागली.

"टेबल तीन, हात चालवा!
शिंक येणार? आधी कळवा!
टेबल तीन, हात चालवा!
पोटातल्याला सोबत पळवा!"

सुपरवायझर पांढराफटक पडला. "खाली उतर! उद्यापासून यायचं नाही!"

ती गाता गाता थांबली. आणि तिचं मशीन बंद आहे हे एवढ्यात भोंग्याच्या लक्षात आलं.

"टेबल सात, हात चालवा!"

"शिंक येणार? आधी कळवा!" जाऊ गायली. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. गाताना तिचं मशीन थांबलं.

"टेबल आठ, हात चालवा!"

या वेळी अख्ख्या रांगेनं पुढची ओळ उचलली, टाळ्यांसकट. मशीनं पटापट थांबली. टेबल नऊ, टेबल दहा, टेबल अकरा... भोंगा एकेकीला हाक मारी आणि सगळ्या जणी त्याची ओळ पुरी करत. मालक खुर्चीत चुळबुळायला लागले.

"बंद कर, आधी ते बंद कर!" सुपरवायझर माइकशेजारी उभ्या वायरमनवर ओरडला.

वायरमननं शांतपणे हात पुसले. "गाणं की भोंगा, साहेब?"

सुपरवायझरनं मालकांकडे पाहिलं, मग बायकांकडे.

"भोंगा."

टेबल तीनवरची मुलगी उठली आणि सावकाश पाणी प्यायला गेली.