मागची लिफ्ट

“लिफ्टची ती घंटा तोडू नकोस गं. आत कुणी अडकलं तर हाक कशी मारणार?” सासूबाई म्हणाल्या होत्या.

“आई, मागच्या लिफ्टनं जातंय कोण? कामाच्या बायका नि कचरेवाला. येता-जाता बटण दाबतात आणि बाळ दचकून उठतं.” तिनं वायरमनला बोलावलं, झोपायच्या खोलीपलीकडची घंटा बंद करून घेतली आणि विषय मिटवला.

आज दुपारी कामाच्या मावशींचा पत्ता नव्हता. मोरीत भांड्यांचा ढीग, बादलीत दुपटी, खांद्यावर टाहो फोडणारं बाळ. फोन लावला तर लागेना.

“बंद करून बसल्यात! परवा रजा नाही दिली ना, त्याचा राग. अडीनडीला दांडी मारायची, दुसरं काय.”

“अगं, काही झालं असेल.”

“यांना काही होत नाही, आई. होतं ते आपल्यालाच.”

बाळाचा डोळा लागतो न लागतो तोच भिंतीत ठक... ठक सुरू झालं. वरच्यांचं सुतारकाम, दुसरं काय! भरदुपारी तरी लाज वाटावी माणसांना. तिनं पायातली चप्पल काढली आणि भिंतीवर दोनदा ठोकली. आवाज थांबला. तीही बाळाशेजारी आडवी झाली.

संध्याकाळी मागच्या जिन्यात गलका झाला. ती बाळाला घेऊन धावली, मागोमाग सासूबाई. कचरेवाल्यानं आणि वॉचमननं मिळून लिफ्टचं दार फाकवलं होतं. लिफ्ट हातभर खाली अडकलेली. आत कोपऱ्यात मावशी. ओठ पांढरेफटक, ओल्या साडीवर पदर ओढून घेत होत्या. दोघांनी हात देऊन त्यांना वर घेतलं.

“अहो, ओरडायचं नाही का!” तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

“ओरडले हो, ताई. फोनला रेंज नव्हती. बाळ रडत होतं, त्यात माझं कुठलं ऐकू जाणार? मग फटीतून तुमची भिंत हाताला लागली, तीच ठोकत बसले.” मावशींनी पाण्याचा घोट घेतला. “तुम्ही उलट ठोकलंत, तेव्हा कुठं जिवात जीव आला. म्हटलं, आता ताई माणसं धाडतील. मग गप्प राहिले. बाळाची झोप कशाला मोडायची?”

बाळ मावशींकडे झेपावत होतं.

“ताईंनीच धाडलं ना तुम्हाला?” मावशींनी विचारलं.

वॉचमननं तिच्याकडे पाहिलं. सासूबाईंनीही.

“हो,” ती म्हणाली.

तुमच्याकडे आज कोण आलं नाही? जरा बघून याल?