पाल्याची वाफ

"ह्या झाडाच्या पानातनं गॅस निघतो, अक्का. पार विद्यापीठात मोजलंय," धनराज म्हणाला आणि त्यानं करवतीच्या मशीनवाल्याला हात केला.

सत्यभामाबाई चहाच्या टपरीतून उठली आणि निलगिरीच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्यावर बैलगाड्याच जास्त होत्या, तेव्हा तिच्या नवऱ्यानं हे झाड लावलं होतं. त्याच्या सावलीला गिऱ्हाईक थांबे, म्हणून टपरी चाले. आता मागं धनराजचे ट्रक उभे असत. त्याच्या नव्या पाटीवरचं 'धनराज' झाडाआड जाई, रस्त्यावरून नुसतं 'रोडवेज' दिसे. त्याबद्दल मात्र कुणी बोलत नव्हतं.

"ल्हानपणी तुझं नाक चोंदलं की तुझी माय तुला माझ्याकडं आणायची," ती म्हणाली. "ह्याच पाल्याची वाफ घेऊन झोपायचास. तवा गॅस नव्हता व्हय रे?"

जमलेले लोक हसले. धनराजनं घाईनं पुतणीला पुढं केलं. सुधारानी कडगंचीच्या विद्यापीठात हवेचा अभ्यास करत होती. फांद्यांना पिशव्या बांधून आतली हवा तिनंच तपासली होती.

"काका, अर्धंच सांगायलाव तुम्ही," ती म्हणाली. "एकट्या झाडाचं काही न्हाई. त्याच्या वायूत गाड्यांचा धूर मिसळला आणि वरून ऊन तापलं, की छातीला वाईट असा ओझोन तयार होतो. तिन्ही लागतात."

धनराज विचारात पडला. माणूस न्यायी होता.

"उन्हाला बंद करता येत न्हाई. ट्रक बंद करायचे न्हाईत. मग राहिलं काय?"

सुधारानी आणखी काही बोलत होती, पण मशीनच्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नाही. सत्यभामाबाईला गर्दीतल्या दोघींनी दंडाला धरून बाजूला केलं.

पाटी लांबून दिसू लागली. झाडाच्या जागी आणखी दोन ट्रक मावले. टपरी उन्हात आली, गिऱ्हाईक पुढच्या हॉटेलाकडं सरकलं. धूर तेवढा जागच्या जागी राहिला. महिन्याभरात पाटीही काळवंडली.

एका संध्याकाळी धनराज खोकत टपरीवर आला. नाक गच्च, डोळे लाल.

"अक्का, थोडा पाला ठेवलायस का?"

तिनं पत्र्याच्या डब्यातून वाळकी डहाळी काढली. त्या झाडाचं तिच्याकडं तेवढंच उरलं होतं. पाणी उकळलं. धनराजनं डोक्यावरून चादर घेतली.

"बघ बाबा," ती म्हणाली, "गॅस हाय ह्यात."

चादरीच्या आतून आवाज आला, "आणखी चार पानं टाक की, अक्का."