हॉकिन्स घळीतला नववा दिवस

नवव्या दिवशी डेल्मर फावडं खांद्यावर टाकून घळीच्या तोंडाशी आला, तेव्हा वर्ना त्याच्यासमोर आडवी उभी राहिली. घळ बंद आहे, वरचा बर्फ अजून सुटायचाय, असं तिने त्याला निक्षून सांगितलं.

"मग कर दंड," डेल्मर म्हणाला आणि तिला वळसा घालून पुढे निघाला.

वर्ना स्ट्राउड म्हणजे या सरकारी जंगलातल्या हिवाळी खेळांची मॅनेजर. कुठली वाट उघडी, कुठली बंद, हे एकवीस वर्षं तीच ठरवत आली होती. हिमकडा कोसळायचा धोका असला की सकाळी सहाला घळीच्या तोंडाशी बंदचा फलक लागायचा. त्यावर गावाने खुशाल घड्याळ लावावं, इतकी पक्की बाई.

डेल्मरचा मुलगा टोबिन, बावीस वर्षांचा, गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास एकटाच स्की बांधून घळीत शिरला आणि अर्ध्या तासात कड्याखाली गाडला गेला. फलक समोर असताना शिरला, हेच सगळ्यांच्या तोंडी. किराणा दुकानात, चर्चच्या पायरीवर, मेलेल्याला नावं ठेवू नयेत असं म्हणत म्हणत लोक त्याला नावं ठेवत होते. डेल्मरला पोराच्या जाण्याइतकंच ते खात होतं. वर्नाचा फलक दिसला की मागे फिरायचं, हे त्याने टोबिनला स्की घालायच्या आधी शिकवलं होतं.

त्या दिवशी मदतीला सगळ्यांत आधी पोचली तीही वर्नाच. बाकीचे येईपर्यंत अर्धा तास एकटी बर्फ उकरत होती. नखं फुटून हातमोजे लाल झाले होते बिचारीचे. मग शेरीफची माणसं आली, तिने त्यांना घळीचा वरचा भाग नेमून दिला, आणि चार दिवस तीस जणांनी तो चाळून काढला. हाती काही लागलं नाही.

घळीत जाणारा माणूस छातीवर बीकन बांधतो. तो गाडला गेला तरी ते आतून सिग्नल देत राहतं, आणि शोधणाऱ्याच्या बीकनवर दिशेचा बाण आणि मीटरमध्ये अंतराचा आकडा उमटतो. टोबिनचा सिग्नल पहिल्या दिवसापासून कुणालाच मिळाला नाही. चालू करायला विसरला असेल, असं वर्ना म्हणाली आणि सगळ्यांना ते पटलं. पटलं नाही ते फक्त डेल्मरला. नव्या बॅटऱ्या त्याने स्वतः घातल्या होत्या, दारात उभं राहून चालू करून पाहिलं होतं. बॅटरी दहा दिवस टिकते. उद्या ती संपली की पोरगं थेट वसंतात, बर्फ वितळल्यावर हाती येणार, तेही कोल्ह्यांनी जे काय ठेवलं असेल ते.

म्हणून तो निघाला. वर्नाच्या हाताखालचा कर्टिसही त्याच्यामागे गेला, आणि मग तिलाही जावंच लागलं.

घळीत वारा नव्हता. दोनशे पावलं झाली असतील, तोच कर्टिसचं बीकन वाजलं. आकडा होता अडतीस.

वर्नाने तिघांची बीकनं तपासली. आपल्यापैकीच कुणाचं तरी सिग्नल सोडत असेल, म्हणाली. नव्हतं. तिने फोन बंद करायला लावले. तरी वाजत होतं. आता डेल्मरचं वाजायला लागलं, आणि तिचं स्वतःचंही.

"शक्यच नाही," वर्ना म्हणाली.

"अगं, सिग्नल मिळालाय आणि तुझं तोंड का पडलंय?" डेल्मरने विचारलं.

बाण वरच्या अंगाला नव्हता. खाली, तीन देवदारांकडे होता. तिकडे आपण शोधलंच नव्हतं, असं कर्टिस पुटपुटला. तिथे मी पहिल्याच दिवशी पाहिलंय, वर्ना म्हणाली, आणि उगाच आशा लावून घेऊ नका, असंही म्हणाली. तिघंही जागच्या जागी उभे होते. कुणी पाऊल उचललं नव्हतं, तरी आकडा उतरत होता. पस्तीस. एकतीस. सव्वीस. कर्टिसने बीकनवर दोनदा टिचकी मारली.

डेल्मर धावला. देवदारांपाशी त्याने पाठीवरची लांब सळई काढून बर्फात खुपसली, ती फार खोल न जाता मऊ जागी अडली. कर्टिस फावड्याने आणि डेल्मर हातांनी उकरत राहिला. आधी निळं जाकीट दिसलं, मग केस. डेल्मर रडत होता आणि पोराला शिव्या घालत होता.

"वाचता येत नव्हतं का रे गाढवा? एवढा मोठा फलक लावलेला, वाचता येत नव्हतं?"

वर्ना चार पावलांवर उभी होती. ती पुढे आली नाही.

कर्टिसने जाकिटाची चेन उघडली आणि आत हात घातला. बराच वेळ चाचपत राहिला. "बीकन नाहीये," तो म्हणाला. "पट्टा मोकळा आहे."

तिघांची बीकनं अजून वाजत होती. मी माझ्या हाताने बांधलं होतं, डेल्मर पुन्हा पुन्हा सांगत राहिला, आणि मग दोघांनीही मान वर करून वर्नाकडे पाहिलं.

वर्नाला त्या मंगळवारी सव्वासातला जाग आली होती. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच. फलक तिने लावला तो कडा कोसळल्यावर, आणि मग ती सिग्नलमागे या देवदारांपाशी आली, नखं फुटेस्तोवर उकरलं, आणि टोबिनचं तोंड मोकळं केलं. "वर्ना, आज फलक नव्हता गं," असं तो धाप टाकत, हसत म्हणाला, तेव्हा तिने त्याच्या छातीवरचं बीकन काढून घेतलं, बंद केलं आणि उकरलेला बर्फ परत त्याच्या तोंडावर लोटला.